कॅज्युअल्टीत तासन्‌तास बसावं लागतं? आधी या चुका टाळा

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली शनिवारची रात्र. सहा वर्षांच्या लेकाला १०२ ताप, बाहेर धो धो पाऊस आणि आमच्या डॉक्टरांचा दवाखाना साडेनऊलाच बंद झालेला. अकराच्या सुमारास त्याला रेनकोटात गुंडाळून पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात नेलं. डॉक्टरांनी तपासेपर्यंत सव्वादोन तास गेले. आमच्या मागून आलेली चार माणसं आमच्याआधी आत गेली, तेव्हा नवरा चिडून काउंटरवर गेला. सिस्टर म्हणाल्या, "दादा, इथे नंबर नसतो. बाळ पाणी पितंय, बोलतंय, श्वास नीट आहे. त्याला थांबवता येतं. आत जे आहेत त्यांना नाही थांबवता येत."

त्या रात्री मला राग आला होता. नंतर माझ्या मावसबहिणीशी बोलले. ती एका सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे, अपघात विभागात बरीच वर्षं काढलेली. तिच्याशी बोलताना कळलं की आम्ही एका रात्रीत किती चुका केल्या होत्या. आणि त्या फक्त आमच्याच नव्हत्या.

नंबर लागेल म्हणून गप्प बसणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

कॅज्युअल्टीत पेशंट आला की नाडी, बीपी, ऑक्सिजन, श्वासाचा वेग आणि शुद्ध पाहून त्याची वर्गवारी करतात. याला ट्रायाज म्हणतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकणारा. तुम्ही दहाला आलात की बाराला, याने फारसा फरक पडत नाही. हिरव्यातला माणूस दहाला येऊन बाराच्या लाल पेशंटच्या मागेच राहणार, आणि तसंच व्हायला हवं.

पण ही पद्धत तुम्ही काय सांगता त्यावरही चालते. त्या रात्री आमच्या शेजारच्या खुर्चीत साठीचे एक काका बसले होते. शर्ट घामाने ओला, एका हाताने दुसरा हात दाबत होते. त्यांचा मुलगा फॉर्म भरायच्या रांगेत उभा होता, पुढे पाच जण. फॉर्म झाल्याशिवाय कुणी बघणार नाही असं त्याने धरून चाललं होतं. मी काकांना विचारलं तर म्हणाले, "छातीत आवळल्यासारखं होतंय, पण मुलगा गेलाय ना नंबर लावायला." मी धावत जाऊन सिस्टरना सांगितलं. दोन मिनिटांत त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. पुढे काय झालं मला कळलं नाही. ते काका अजून आठवतात.

म्हणून दारातून शिरल्या शिरल्या आधी त्रास सांगा, कागद नंतर. एकाने पेशंटजवळ थांबायचं, दुसऱ्याने काउंटरवर जायचं. "बरं वाटत नाहीये" याने काही कळत नाही. "छातीत दुखतंय, पाऊण तास झाला, घाम फुटलाय, शुगरचा पेशंट आहे" एवढं एका दमात सांगा. छातीत दुखत असेल तर आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हावा अशी वैद्यकीय शिफारस आहे. झाला नसेल तर तो मागा, यात उद्धटपणा काही नाही.

आणि एकदा तपासून हिरव्यात बसवलं म्हणजे तो शिक्का कायमचा नाही. थांबता थांबता त्रास वाढला तर उठून पुन्हा सांगायचं. "अजून किती वेळ?" असं दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही. "मघाशी बोलत होते, आता बोलताना धाप लागतेय" म्हटलं की सिस्टर लगेच उठून येतात.

दिवसाचं काम रात्री नेणं

दहा दिवसांचा खोकला, संपलेली बीपीची गोळी, जुन्या जखमेचं ड्रेसिंग, हातात आलेला रिपोर्ट दाखवणं, कंपनीसाठी सिक नोट. बहीण म्हणते, रात्री अकरानंतर हे सगळं येतं. माणसं मुद्दाम त्रास द्यायला येत नाहीत हे तीही मानते. हिंजवडीहून सुटून घरी पोचेपर्यंत साडेनऊ वाजतात, रविवारी दवाखाने बंद, मग उघडं काय तर कॅज्युअल्टी. पण तिथले डॉक्टर जीव वाचवायच्या तयारीने बसलेले असतात. जुन्या खोकल्याचं मूळ ते शोधणार नाहीत. तात्पुरतं औषध देऊन "ओपीडीत दाखवा" असंच सांगणार. म्हणजे तीन तास गेले, पैसे गेले आणि उद्याची ओपीडी चुकली नाहीच.

यावर एकच खरा उपाय मला दिसतो: फॅमिली डॉक्टर. घराजवळचा, तुमची जुनी दुखणी माहीत असलेला. आजारी नसताना एकदा जाऊन विचारा, रविवारी कोण असतं, रात्री फोन केला तर चालेल का. वॉर्डातला महापालिकेचा दवाखाना किंवा 'आपला दवाखाना' किती वाजेपर्यंत उघडा असतो, हेही आधीच बघून ठेवा. सरकारच्या ई-संजीवनीवर घरबसल्या, पैसे न देता डॉक्टरांशी बोलता येतं. साध्या शंकांना ते पुरतं.

मुलांच्या तापाबद्दल आमचे डॉक्टर सांगतात की आकड्यापेक्षा मुलाकडे बघा. ताप उतरल्यावर खेळतंय, पाणी पितंय, शू होतेय, तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबता येतं. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तरी थांबायचं नाही. झटका आला, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल सुस्त पडलं असेल, अंगावर दाबल्यावर न जाणारे लालजांभळे ठिपके असतील, तर वेळ किती वाजलीय हे बघूच नका.

"ॲसिडिटी असेल, सकाळी बघू"

गर्दीला कंटाळून घरीच बसणं ही याच्या उलटी चूक, आणि ती जास्त महागात पडते. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी रात्रभर सोडा पिऊन छातीतली जळजळ काढली. सकाळी ईसीजीत अटॅक निघाला. वाचले, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. शुगरच्या पेशंटना आणि बायकांना तर कधी कधी छातीत दुखतही नाही. धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एकदम गळून जाणं एवढंच दिसतं.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलला जात नाही, बोलणं अडखळतंय, तर तो पॅरालिसिसचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. तेल लावून चोळत बसण्यात हाच वेळ जातो.

पुण्याला आणखी दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. एक डेंगी. पावसाळ्यात ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण धोक्याचे दिवस बरेचदा तिथूनच सुरू होतात. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांतलं काहीही दिसलं तर लगेच निघा. आणि डेंगीची शंका असताना ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका. दुसरी जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार. २०२५च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात त्याची साथ आली, ती आम्ही जवळून पाहिली. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायांत मुंग्या, जिना चढताना पाय न उचलणं, अशक्तपणा वर वर सरकत जाणं, ही त्याची चाल. "जुलाबाने थकवा आला असेल" म्हणून थांबू नका. श्वासाच्या स्नायूंपर्यंत तो पोचू शकतो.

गाडी काढली आणि निघालो

कुठे जायचं हे रस्त्यात ठरवणं. ओळखीचं हॉस्पिटल म्हणून कोथरूडहून कॅम्पात जायचं, आणि तिथे कळायचं की मुलांच्या आयसीयूत बेड नाही. निघण्याआधी किंवा निघता निघता एकाने फोन करा. अटॅकची शंका असेल तर "कॅथ लॅब (अँजिओप्लास्टी होते ती) रात्री चालू आहे का", पॅरालिसिस असेल तर "सीटी आत्ता होईल का", लहान मूल असेल तर "पीआयसीयूत बेड आहे का" एवढंच विचारा.

१०८ची ॲम्ब्युलन्स फुकट आहे, २०१४पासून राज्यभर चालते आणि तिच्यात डॉक्टर असतो. कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं हेही ते सांगू शकतात. छातीत दुखणाऱ्या माणसाला स्कूटरवर मागे बसवून नेणं मला कुणालाही बघायला नको वाटतं. पेठांत राहणाऱ्यांनी गणपतीत, खास करून विसर्जनाच्या दिवशी, लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असताना आपल्या गल्लीतून गाडी कुठून बाहेर निघेल हे आदल्या दिवशीच बघून ठेवावं. घरात म्हातारं माणूस किंवा दिवस भरलेली बाई असेल तर हे नक्कीच.

रिकाम्या हाताने जाणं

"ती पांढरी छोटी गोळी घेतात" यावरून कुणालाच काही कळत नाही. औषधांची पाकिटं तशीच पिशवीत टाका. जुनी फाईल, शेवटचा ईसीजी, कशाची ॲलर्जी आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, मुलाचं वजन. आणि त्रास सुरू झाल्याची वेळ घड्याळ पाहून लिहा. "संध्याकाळपासून" आणि "सव्वासातला जेवताना" यांत पॅरालिसिसच्या पेशंटचं इंजेक्शन मिळणं न मिळणं ठरू शकतं. काही विषारी प्यायलं असेल तर त्याची बाटली सोबत न्या. कुत्रा चावला असेल तर निघण्याआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा. रेबीजच्या लशीचा पहिला डोस त्याच दिवशी घ्या. पुढचे डोस मात्र दिवसा ओपीडीत, रात्री कॅज्युअल्टीत नाही.

पैशांच्या भीतीने दारातून परतणं

डिपॉझिटचं नाव काढलं की माणसं पेशंटला उचलून दुसरीकडे नेतात. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जीव धोक्यात असलेल्यावर उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, पोलीस केस असली तरी. अपघातातल्या अनोळखी माणसाला पोचवणाऱ्यालाही २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं संरक्षण आहे. पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना २००६पासूनच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या पेशंटला अनामत न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यावे लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटायचंय असं सांगा. महात्मा फुले योजना असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. ससून, कमला नेहरू, पिंपरीचं वायसीएम आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही सरकारी-महापालिकेची दारं आहेतच.

"मेडिक्लेम आहे ना, ॲडमिटच करा"

हे लिहिताना मला बहिणीचं वाक्य आठवतं: "कॅज्युअल्टीतली गर्दी वॉर्डातून सुरू होते." हिरव्या पेशंटमुळे काउंटरवर रांग वाढते हे खरं. पण खरी कोंडी होते ती वर खाट नसते तेव्हा. ॲडमिट ठरलेला पेशंट कॅज्युअल्टीच्याच स्ट्रेचरवर पडून राहतो, आणि नव्याने आलेल्याला ठेवायला जागा उरत नाही.

त्या खाटा अडवण्यात आपलाही हात असतो. घरी बरा होणारा ताप केवळ क्लेम मिळावा म्हणून दोन दिवस ॲडमिट करायचा हट्ट धरतो. फक्त तपासण्यांसाठी केलेली भरती विमा कंपन्या नाकारतात, हे पॉलिसीतच लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे डिस्चार्ज. सकाळी दहाला "घरी जा" सांगितलेला पेशंट बिल आणि टीपीएच्या (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या) मंजुरीत संध्याकाळपर्यंत खाटेवर असतो. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०२४ साली कॅशलेसच्या अंतिम मंजुरीला तीन तासांची मुदत घातली आहे. तो नियम दाखवून विचारा. आदल्या रात्रीच बिलाची चौकशी करून ठेवा. तुमची खाट दुपारी मोकळी झाली तर खाली कुणाचा तरी म्हातारा बाप वर जाईल.

थांबताना

पोटात जोरात दुखत असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत खाऊपिऊ घालू नका, ऑपरेशन लागू शकतं. आत एकच नातेवाईक राहू द्या, बाकीच्यांनी बाहेर. सिस्टरवर आवाज चढवू नका, तीही सकाळपासून उभी असते. आणि कंटाळून न सांगता निघून जाऊ नका. जायचंच असेल तर डॉक्टरांना भेटा, धोका काय आहे ते विचारा. डामाच्या (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध जात असल्याच्या) कागदावर सही करण्याआधी तो वाचा.

घरी सोडताना एक प्रश्न विचाराच: काय दिसलं तर परत यायचं? आमच्या लेकाला दीड वाजता तपासलं, साधा व्हायरल ताप निघाला. मी हा प्रश्न विचारल्यावर त्या तरुण डॉक्टरांनी केस पेपरच्या खाली स्वतःच्या हाताने लिहून दिलं: शू कमी झाली, उलट्या थांबल्या नाहीत, पोट दुखलं किंवा मूल सुस्त झालं तर लगेच आणा. नाहीतर सोमवारी सकाळी तुमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवा.