टर्नर ट्रेड घेतलाय? मग आधी माप घ्यायला शिका

दहावीनंतर आयटीआयला टर्नर ट्रेड मिळाला की पोरांचं सगळं लक्ष लेथवर, म्हणजे जॉब फिरवत कापणाऱ्या मशीनवर असतं. उद्यमनगरातल्या माझ्या शॉपला नवा मुलगा आला की मी त्याच्या हातात आधी मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं उपकरण देतो. माप पक्कं असेल तर बाकीचं शिकवता येतं.

स्पिंडलचा (पुढेमागे सरकणाऱ्या दांड्याचा) आटा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे एका फेरीत तेवढा सरकतो; थिंबलवर (फिरवायच्या नळीवर) ५० रेघा, म्हणून एक रेघ ०.०१ मिमी. पाठ करू नका, थिंबल फिरवून बघा. दोन्ही तोंडं पुसून रोज शून्य तपासा आणि रॅचेटनंच (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या टोकाच्या मुठीनं) मिटवा; थिंबल आवळली की माप कमी दिसतं. एकच जॉब (घडवायचा तुकडा) तीन जागी मोजून वहीत लिहा, मग शेजारच्या पोराला मोजायला द्या. आकडे जुळत नाहीत तोवर दोघांनी परत मोजायचं.

गरम जॉबचं माप धरू नका. ५० मिमीचा पोलादी शाफ्ट ४० अंशांनी तापला तर ०.०२ मिमीच्या आसपास फुगतो. ड्रॉइंगवर ५० जी६ (५० मिमी माप आणि त्याच्या फिटिंगचा वर्ग) असेल तर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, मिळतो अवघा ०.०१६ मिमी. म्हणजे मशीनवर बरोबर आलेला जॉब गार झाल्यावर रिजेक्ट. शेवटच्या कटाआधी थांबा, गार होऊ द्या.

क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाला) प्ले, म्हणजे आट्यात ढिलेपणा असतो. हँडल रेघेच्या पुढे गेलं तर तेवढंच मागे आणून भागत नाही; पूर्ण फेरी मागे घ्या आणि पुन्हा पुढे येत रेघेवर थांबा.

सुरुवातीचं फायलिंग (कानशीनं घासणं) पोरांना नकोसं होतं. तरी करा. गुण्या लावून जॉब उजेडासमोर धरला की फट दिसते, आणि डोळा तिथंच तयार होतो.

एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल स्वतः ग्राइंड करा. पुढे कंपनीत कार्बाइड इन्सर्टच (बदलता येणारी तयार धार) वापराल, पण क्लिअरन्स (धारेखाली जॉबपासून सोडलेली मोकळी जागा) नसला की टूल कापायचं सोडून घासतं, हे आपल्या हातानं ग्राइंड केल्यावरच कळतं.

चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. फिरत्या लेथवर हातमोजे नाहीत, लोंबती बाही नाही. यात मी कुणाचं ऐकत नाही.

सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) प्रोग्रॅम आधी कागदावर लिहा आणि टूल कुठून कुठे जातं ते ड्रॉइंगवर बोटानं फिरवून बघा.

दोन वर्षांनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, पण मी म्हणेन आधी अप्रेंटिसशिप करा, जमलं तर टूलरूममध्ये, म्हणजे कंपनीची टूलं आणि साचे बनतात त्या विभागात. मुलाखतीला गेलात की पगारासोबत हेही विचारा : अप्रेंटिसला मशीनवर कधी उभं करता, आणि मोजमापाची उपकरणं कॅलिब्रेट कधी होतात, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून कधी बघतात? दुसऱ्या प्रश्नाला जिथं चटकन तारीख सांगतात, ती जागा धरा.