पहिला तास घेण्याआधी

कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीची नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास झालात म्हणजे शिकवता येतं, असं नाही. नेटमध्ये पेपर एकचे ५० प्रश्न अध्यापन-संशोधनाच्या सर्वसाधारण क्षमतेचे आणि पेपर दोनचे १०० प्रश्न विषयाचे, सगळे बहुपर्यायी. वर्गासमोर उभं राहून बोलायची वेळ त्यात कुठेच येत नाही. सीनियर कॉलेजला बीएडची अटही नाही, त्यामुळे बहुतेकांचा पहिला सराव थेट तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनाच्या नोकरीत, खऱ्या मुलांवर होतो. हे मुलांवर अन्यायाचं आहे. म्हणून सराव एमए-पीएचडी करतानाच सुरू करा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमावलीत संशोधकाला आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, मूल्यमापन अशी कामं देण्याची मुभा आहे. पीएचडीच्या मार्गदर्शकाकडे ती मागून घ्या.

आधी दोन वेगवेगळ्या प्राध्यापकांचे तास मागच्या बाकावर बसून बघा. त्यांनी काय सांगितलं ते लिहू नका. प्रश्न कधी विचारला, उत्तरासाठी किती वेळ थांबले, मुलांचं लक्ष कुठे सुटलं, एवढंच टिपा. मग दुसऱ्याच्या तासातली दहा मिनिटं मागून घ्या. पूर्ण तास त्यानंतर.

तास ४८ मिनिटांचा असला तरी हातात ४५ धरा. सत्तर मुलांची हजेरी नंबर पुकारून घेतली तर पाच मिनिटं त्यातच जातात. समजा इतिहासाच्या वर्गात महात्मा फुल्यांचं १८८२ चं हंटर आयोगापुढचं (सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं) निवेदन घ्यायचं आहे. अख्खं निवेदन नेऊ नका. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा मुद्दा जिथे आहे तो दहा-बारा ओळींचा उतारा झेरॉक्स करा, दोघांत एक. मूळ इंग्रजीत आहे, तेव्हा शेजारी मराठी भाषांतर हवंच. आठ मिनिटं पार्श्वभूमी, दहा मिनिटं मुलांकडून मोठ्याने वाचन, पंधरा मिनिटं प्रश्न, शेवटची सात मिनिटं प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते प्रश्नांत. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळे माना हलवतात आणि तुम्ही पुढे जाता. ‘फुल्यांचे शैक्षणिक विचार सांगा’ म्हटलं की बाजारातल्या गाइडमधली व्याख्या येते. त्याऐवजी विचारा : प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, असं सांगणारा माणूस आधी महसुलाचं का बोलतो? याचं उत्तर उताऱ्यात बोट ठेवून द्यावं लागतं. विचारल्यावर मनात दहा अंक मोजा. नवखा शिक्षक दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मग मुलंही ओळखतात की गप्प बसलं तरी चालतं. या शांततेच्या भीतीपोटीच पुढे नोट्स उतरवून द्यायची सवय लागते, आणि ती एकदा लागली की मोडणं फार अवघड.

फळ्याचा डावा भाग साल, नावं, अवघड शब्द यांना ठेवा आणि तासभर पुसू नका. उजवीकडे मुलांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा.

पेपर तपासण्याचा सराव मात्र हमखास राहून जातो. दहा उत्तरांच्या झेरॉक्स काढा, तुम्ही आणि एखादा सहकारी अशा दोघांनी एकमेकांचे गुण न बघता तपासा, मग जुळवा. दहा गुणांच्या उत्तरात तीन-चारचा फरक आला, तर बहुधा एकाने अक्षर आणि पानं मोजलेली असतात, दुसऱ्याने युक्तिवाद. कशाला किती गुण, हे दोघांनी आधी कागदावर ठरवा आणि तीच दहा उत्तरं पुन्हा तपासा.