जुन्या बाजारपेठेला संवर्धन क्षेत्राचा दर्जा : नगरपालिकेचे मत कसे मिळवावे आणि कसे वाचावे

गोव्यातील एखाद्या शहराची जुनी बाजारपेठ संवर्धन क्षेत्र (जुने रूप जपण्यासाठी बांधकामावर बंधने असलेले क्षेत्र) म्हणून घोषित व्हावी, असे ज्यांना वाटते त्यांनी आधी हे समजून घ्यावे की हा दर्जा देण्याचा अधिकार नगरपालिकेकडे नाही. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याप्रमाणे जेथे बाह्य विकास आराखडा म्हणजे ओडीपी लागू आहे तेथे तो आराखडा नियोजन व विकास प्राधिकरण, म्हणजेच पीडीए, तयार करते आणि इतरत्र नगरनियोजन खाते प्रादेशिक आराखडा २०२१ च्या आधारे निर्णय घेते. संवर्धन क्षेत्रांची तरतूद २०१० च्या भूविकास व इमारत बांधकाम नियमावलीत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा विषय नगरपालिकांच्या यादीत पहिल्याच क्रमांकावर असला, तरी आपल्याकडे तो प्रत्यक्षात राज्याच्या हातात राहिला आहे.

असे असूनही नगरपालिकेच्या मतावाचून पुढे जाता येत नाही. बांधकाम परवाना शेवटी तिच्याच कार्यालयातून निघतो, दुरुस्तीचे अर्ज तिच्याकडे येतात, गटार, दिवे आणि फलक तिच्या ताब्यात असतात, आणि कागदोपत्री दर्जा मिळालेल्या क्षेत्रात रोज काय चालते यावर लक्ष ठेवू शकणारी संस्थाही तीच असते. म्हणून नगराध्यक्षांचे तोंडी आश्वासन किंवा वर्तमानपत्रातील निवेदन यांवर समाधान न मानता, पालिका मंडळाच्या बैठकीत मंजूर झालेला आणि इतिवृत्तात नोंदलेला ठराव मिळवणे हे पहिले उद्दिष्ट ठेवावे.

नगरसेवकांना भेटण्यापूर्वी

भेटीला जाताना हातात नकाशा असावा. नगर भूमापन कार्यालयाच्या पी. टी. शीटवर, म्हणजे भूमापन नकाशावर, प्रस्तावित क्षेत्राची सीमा आखून प्रत्येक इमारतीचा चलता नंबर (भूमापनातील मालमत्तेचा क्रमांक), तिचा आजचा वापर, मजले आणि स्थिती यांची साधी तक्ता-नोंद तयार करावी. सीमा रस्त्याच्या मध्यातून कधीही ओढू नये. समोरासमोरच्या दोन्ही रांगा एकत्र घ्याव्यात, कारण एका बाजूची कौलारू घरे जपून दुसऱ्या बाजूला सहा मजली इमारत उभी राहिली तर त्या रस्त्याचे जुने रूप उरत नाही. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौले, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, दुकानावरचे लाकडी सज्जे अशा गोष्टींची छायाचित्रे जोडावीत, पण फक्त सुंदर इमारती निवडू नयेत. ज्या घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले आहेत किंवा ज्यांची पडझड झाली आहे त्यांचीही नोंद करावी. ती वगळली तर बैठकीत कोणीतरी नेमकी तीच दाखवतो.

ही पाहणी करण्यासाठी बाजाराचा दिवस टाळावा. म्हापशात शुक्रवारी आणि डिचोलीत बुधवारी कोणत्याही दुकानदाराला बोलायला सवड नसते. दुपारी दुकाने बंद असतात तेव्हा किंवा संध्याकाळी दिवेलागणीनंतर गेल्यास घरमालक आणि भाडेकरू दोघेही निवांत भेटतात. त्या दोघांना वेगवेगळे भेटावे, कारण त्यांच्या चिंता सारख्या नसतात. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे अनेक दुकानांचे भाडे फार जुने आणि नगण्य आहे. अशा मालकाला दुरुस्तीचा खर्च परवडत नाही आणि इमारत आपोआप पडली तर बरे, असे त्याला वाटू शकते. भाडेकरूला मात्र नेमकी त्याचीच भीती असते. शिवाय बाजारातील बरीच घरे अनेक वारसांच्या सामायिक मालकीची असून काही वारस मुंबईत, पोर्तुगालमध्ये किंवा आखातात असतात. गोव्यातील समान नागरी कायद्याखाली पती-पत्नींची मालमत्ता बहुधा सामायिक असते, तेव्हा संमतीपत्र घेताना दोघांच्याही सह्या घ्याव्यात.

विरोधामागची कारणे

बहुतेक विरोध गैरसमजातून येतो आणि त्याचे मूळ जुन्या गोव्यात आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती लागू होते. त्यानुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर नवीन बांधकामास बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. जुन्या गोव्यातील चर्चे व मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्यामुळे "वारसा" म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर तीच बंदी येते. राज्य सरकारच्या संरक्षित स्मारकांसाठी पुन्हा १९७८ चा वेगळा कायदा आहे. बाजारपेठेचे संवर्धन क्षेत्र हे या दोन्हींहून वेगळे आहे. येथे नियोजनाच्या नियमांनी उंची, दर्शनी भाग, छपराचा उतार यांसारख्या बाबींवर बंधन येते. दुरुस्ती किंवा वापर बंद होत नाही. ही गोष्ट नगरसेवकांना पहिल्याच भेटीत, शक्यतो लेखी, सांगावी. पणजीतील फोंताईनश या जुन्या वस्तीचे उदाहरण देताना ते "युनेस्कोचे क्षेत्र" आहे असे मात्र म्हणू नये. असा समज सर्वत्र पसरलेला असला तरी जागतिक वारसा यादीत फोंताईनश नाही, आणि एक चुकीचे वाक्य विरोधकांना पूर्ण निवेदन खोडून काढायला पुरते.

फोंताईनशचा दुसरा धडा अधिक उपयोगी आहे. तेथील रहिवाशांची तक्रार बंधनांपेक्षा जास्त पर्यटकांबद्दल आहे: दारात उभे राहून छायाचित्रे काढणारे, पार्किंग अडवणारे, रात्री उशिरापर्यंत चालणारे व्यवसाय. नगरसेवकाला मतदारांकडून याच तक्रारी ऐकाव्या लागतात, त्यामुळे आपल्या प्रस्तावात पार्किंग, व्यवसाय परवाने आणि रात्रीच्या वेळा यांविषयी काय अपेक्षित आहे ते आधीच लिहिलेले बरे.

पैशाचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्यावर उघड बोलले जात नाही. पालिकेला परवाना शुल्क, घरपट्टी, व्यवसाय परवाने आणि बाजारातील सोपो (विक्रेत्यांकडून जागेसाठी घेतले जाणारे शुल्क) यांतून उत्पन्न मिळते, आणि नवीन इमारती म्हणजे वाढीव घरपट्टी. मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियम केले तेव्हा मालकांना न वापरलेले बांधकाम क्षेत्र दुसरीकडे हस्तांतरित करण्याचा मार्गही दिला होता. आपल्याकडच्या लहान शहरांत तो जसाच्या तसा चालेल असे मला वाटत नाही. घरपट्टीत सवलत, दुरुस्तीच्या परवान्याचे शुल्क माफ करणे आणि अर्ज ठरावीक मुदतीत निकाली काढणे, या तीन गोष्टी पालिकेच्या आवाक्यातल्या वाटतात. त्यासाठी कायदेशीर तरतूद कोणती, हे मुख्याधिकाऱ्यांकडून आधी विचारून घ्यावे.

पालिकेचे उत्तर वाचताना

उत्तर क्वचितच साधे "हो" किंवा "नाही" असते. "आम्ही तत्त्वतः अनुकूल आहोत, पण सरकारने भरपाई द्यावी" असे उत्तर आले तर ते विरोधाच्या अधिक जवळ समजावे, कारण भरपाईचा निर्णय पालिकेच्या हातात नाही. "अभ्यास करून ठरवू" या उत्तराला तारीख आणि जबाबदार अधिकारी जोडून मागावा. नाहीतर पाच वर्षांची मुदत संपते, निवडणूक येते, आचारसंहिता लागते आणि विषय पुन्हा शून्यावर जातो. मंडळाची मुदत संपून प्रशासक नेमलेला असेल तर त्याच्याकडूनही अभिप्राय घ्यावा, पण निवडून आलेल्या मंडळाच्या ठरावाचे वजन वेगळेच असते.

सर्वांत जास्त सांगून जाणारे उत्तर म्हणजे "खासगी घरे घ्या, पालिकेचे मार्केट वगळा." पालिकेची स्वतःची जुनी इमारत, बाजार संकुल किंवा मोकळी जागा सीमेबाहेर ठेवण्याचा आग्रह झाला, तर तेथे पुनर्बांधणीचा विचार चालू असण्याची शक्यता असते. अशा वेळी वाद घालण्यापूर्वी माहिती अधिकाराखाली त्या जागेसंबंधीचे ठराव आणि नकाशे मागावेत. ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. माझ्या मते पालिकेने आपली मालमत्ता प्रथम आत घेतली, तरच खासगी मालकांना त्यात येण्यास सांगण्याचा नैतिक अधिकार तिला राहतो.

ठरावाची भाषा शक्य तितकी नेमकी असावी. मसुदा स्वतः करून मुख्याधिकाऱ्यांना द्यावा, म्हणजे तो विषयपत्रिकेसोबत कार्यालयीन टिपणीला जोडता येतो. मसुदा असा असू शकतो: "सोबतच्या नकाशात दाखविलेल्या बाजारपेठ क्षेत्रास संवर्धन क्षेत्राचा दर्जा द्यावा, अशी शिफारस ही नगरपालिका नगरनियोजन खात्यास करीत आहे. या क्षेत्रातील पालिकेच्या मालकीच्या इमारतींचा त्यात समावेश असावा. अंतिम निर्णय होईपर्यंत या क्षेत्रातील पाडकामाच्या व नव्या बांधकामाच्या अर्जांवर निर्णय घेण्यापूर्वी संवर्धन समितीचा अभिप्राय मागवण्यात यावा." संवर्धन समिती म्हणजे अशा क्षेत्रांतील बांधकामांबाबत सल्ला देणारी सरकारी समिती. मसुद्यातील तिसरे वाक्य अनेकदा "नंतर पाहू" म्हणून गाळले जाते. ते गाळू देऊ नये, कारण दर्जाची चर्चा सुरू झाल्याची बातमी पसरताच काही मालक घाईने पाडकाम करून मोकळे होण्याचा धोका असतो.

क्षेत्राची हद्द पंचायतीत जात असेल तर तेथे ग्रामसभेचा ठराव घ्यावा लागेल, आणि १९९४ च्या पंचायत राज कायद्याखालील ही प्रक्रिया नगरपालिकेहून सोपी आहे, कारण विषय थेट ग्रामस्थांसमोर मांडता येतो.

ठराव मंजूर झाल्यावर इतिवृत्त कायम होण्याची वाट पाहावी, त्याची प्रमाणित प्रत घ्यावी आणि नकाशासह ती पीडीए किंवा नगरनियोजन खात्याला पोचपावती घेऊन सादर करावी. ओडीपीची फेररचना चालू असेल तर हीच वेळ सर्वांत चांगली; मसुदा आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नोटिशीत दिलेल्या मुदतीत रहिवाशांनी वैयक्तिक सूचनाही दाखल कराव्यात. ठराव फेटाळला गेला असल्यास कारणासह इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी, आणि ज्या नगरसेवकांनी बाजूने मत दिले त्यांची नावे नोंदवून ठेवावीत. मसुदा आराखड्यावरील वैयक्तिक सूचना पालिकेच्या ठरावाशिवायही नोटिशीच्या मुदतीत थेट पाठवता येतात.