तीन मॉनिटर घ्यायच्या आधी टेबल मोजा

फ्लाइट सिमसाठी (विमान उडवायचा कंप्युटर गेम) तीन मॉनिटर लावायचेत ना, मग आधी टेप घेऊन टेबल मोजा, कारण २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंमी रुंद असतो, म्हणजे तिन्ही सरळ लावले तर १८० सेंमी गेले, बाजूचे दोन आत वळवले की थोडं कमी लागतं. मी न मोजताच आणले आणि तिसरा महिनाभर खोक्यातच.

मग रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर किती पिक्सेल (ठिपके) ते. तीन १०८०पी (एक १९२० बाय १०८०) म्हणजे ५७६० बाय १०८०, एका फोर-के (३८४० बाय २१६०) पेक्षा कमीच पिक्सेल, पण तीन १४४०पी (एक २५६० बाय १४४०) घेतलेत की ११० लाख पिक्सेल, फोर-के च्याही वर, तिथं मधल्या दर्जाचा ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग) रडतो. तिन्ही केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डला (कंप्युटरच्या मुख्य बोर्डाला) नको. आणि मॉनिटर एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर क्षितिज प्रत्येक स्क्रीनवर वेगळ्या उंचीवर दिसतं, लँडिंगला जाम त्रास.