बडोद्याचं वडोदरा करताना: मराठी फाइलमध्ये फाइंड-रिप्लेस कसं करायचं

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेची फाइल ह्या वर्षी माझ्या गळ्यात पडली, का तर "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना". नव्वदेक पानं, सात-आठ जणांनी आपापल्या घरी टाइप केलेली, काहींनी तर मोबाइलवर बोलून, आणि त्यात आपल्या गावाचं नाव पाच तऱ्हांनी: बडोदा, बडोदे, बडोदं, बरोडा, वडोदरा. मीटिंगमध्ये ठरलं की सगळीकडे वडोदरा करायचं, १९७४ पासून सरकारी नाव तेच आहे. (मला विचाराल तर मराठीत बडोदंच कानाला बरं लागतं, पण मला कुणी विचारलं नाही.) एक काका म्हणाले, "अरे त्यात काय, कंट्रोल एच दाब, दोन मिनिटांचं काम." दाबलं मी. दोन रविवार गेले त्यात, म्हणून हे लिहितोय, निदान तुमचे तरी वाचतील.

आधी साधं. वर्डमध्ये कंट्रोल एफ दाबलं की नुसतं शोधता येतं, डावीकडे एक पट्टी उघडते आणि तो शब्द किती वेळा आलाय तो आकडा दिसतो. कंट्रोल एच दाबलं की बदलायची खिडकी उघडते, वर फाइंड व्हॉट, खाली रिप्लेस विथ. फाइंड नेक्स्ट म्हणजे पुढचा दाखव, रिप्लेस म्हणजे हा एक बदल, आणि रिप्लेस ऑल म्हणजे सगळे एकदम, मला न विचारता. आणि हो, हात लावायच्या आधी फाइलची एक कॉपी वेगळ्या नावाने करून ठेवा. रिप्लेस ऑल चुकलं तर कंट्रोल झेडने अख्खं परत येतं हे खरं, पण चूक तुम्हाला फाइल बंद करून जेवून आल्यावर दिसली तर कंट्रोल झेड काय करणार.

आता माझं काय झालं ते सांगतो. मी बडोदा टाकलं, खाली वडोदरा टाकलं, रिप्लेस ऑल. मग बडोदे टाकलं, खाली वडोदरा, रिप्लेस ऑल. शाबास म्हणून चहा प्यायलो. रात्री वाचायला घेतलं तर गायनाच्या लेखात हिराबाई वडोदराकर गात होत्या, सयाजीरावांवरच्या लेखात महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ वडोदरा काढली होती, आणि बडोद्याला, बडोद्यात, बडोद्याचे हे सगळे जसेच्या तसे बसलेले, एकालाही धक्का नाही.

यात वर्डची काही चूक नाही. इंग्रजीत नावाला पुढे मागे काही चिकटलं तरी नाव तेच राहतं. आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय लागला की शब्दाचं अंगच बदलतं, बडोदा आणि बडोद्या हे मशीनला दोन वेगळे शब्द, त्याला सामान्यरूप वगैरे कुणी शिकवलेलं नाही. मग एखाद्याला वाटतं की आपण नुसता पुढचा तुकडा धरू, बडोद काढून वडोदर घालू, मागचं आपोआप जुळेल. ते करू नका. वडोदर ला 'ा' लागला तर ठीक, पण '्यात' लागलं की र, हलन्त आणि य एकत्र येतात आणि होतं वडोदर्यात, म्हणजे सूर्यातला रफार. आपल्याला हवंय वडोदऱ्यात, दऱ्या-खोऱ्यातल्यासारखं. त्यामुळे दरवेळी पुरं अक्षर धरायचं, मात्रेसकट.

तर जे शेवटी जमलं ते असं. आधी कागदावर सगळी रूपं लिहून काढली आणि प्रत्येक रूप कंट्रोल एफमध्ये टाकून नुसतं बघितलं, काहीही न बदलता. मग जे शब्द बदलायचेच नाहीत त्यांना आधी लपवलं. म्हणजे बडोदेकर शोधून त्याच्या जागी @@१ टाकलं, आणि 'ऑफ बडोदा' शोधून त्या जागी @@२ टाकलं, त्यात बँकही वाचली आणि महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बडोदाही वाचली, तिच्या नावात अजून बडोदाच आहे. खूण कुठलीही चालेल, फक्त फाइलमध्ये दुसरीकडे कुठे नसलेली पाहिजे. आणि कुठल्या खुणेत काय लपवलंय ते त्याच कागदावर लिहून ठेवा, मी नव्हतं लिहिलं, मग जुनी कॉपी उघडून बघावं लागलं. त्यानंतर बडोद्या काढून वडोदऱ्या, की ला, त, चे, हून वेगवेगळे शोधावे लागत नाहीत. मग बडोदा, बडोदे, बडोदं, बरोडा एकेक करून. आणि शेवटी खुणा परत मूळ शब्दांवर.

गावाच्या नावाची ही रूपं मात्र रिप्लेस ऑलने उरकू नका, एकेक बघत जा. आमच्याकडे साहित्य संमेलनांवर एक लेख होता, १९२१चं संमेलन इथे भरलं तेव्हा गाव बडोदेच होतं, आणि २०१८ला ९१वं भरलं तेव्हा वडोदरा. लेखिकाबाईंनी मुद्दाम तसं लिहिलेलं. अवतरणातलं, जुन्या पत्रातलं, कुणाच्या कवितेतलं नाव बदलायचा आपल्याला हक्कच नाही, आणि अवतरण कुठे आहे ते मशीनला कळत नाही. वर्डमध्ये फाइंडच्या टॅबवर रीडिंग हायलाइट नावाचं बटण आहे, ते दाबून हायलाइट ऑल केलं की सगळे शब्द रंगवून दिसतात, प्रिंटमध्ये तो रंग येत नाही, मला हे फार उपयोगी पडलं. फक्त एकाच लेखात बदलायचं असेल तर तेवढा लेख आधी सिलेक्ट करून मग रिप्लेस ऑल करा, उरलेल्या फाइलमध्येही करू का असं वर्ड विचारतं, तिथे नो म्हणायचं.

आता खरी डोकेदुखी. शब्द समोर दिसतोय, तुम्ही तोच टाइप करताय, आणि वर्ड म्हणतं सापडला नाही. मला आधी वाटलं कॉम्प्युटर खराब झाला. असं नसतं, आपल्या लिपीत काही अक्षरं दोन तऱ्हांनी लिहिता येतात आणि दिसायला अगदी एकसारखी. बँक हा शब्द कुणी ब वर सरळ चंद्रबिंदू देऊन लिहितो, कुणी आधी अर्धचंद्र आणि मग वर अनुस्वार देतो. ॲ हे अख्खं एक अक्षर म्हणूनही आहे आणि अ वर अर्धचंद्र देऊनही होतं. ऱ्या चं तर विचारूच नका, कुणी खाली टिंब असलेला ऱ घेतो, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. डोळ्याला एकच, मशीनला दोन. उपाय साधा आहे, फाइंडच्या खोक्यात टाइप करायचंच नाही, फाइलमधला तोच शब्द कॉपी करून तिथे पेस्ट करायचा. मग सापडतो. आणि एक तऱ्हा संपली की दुसरी शोधायची. विसर्गाचंही तेच, निम्म्या लोकांनी दुःखात कोलन घातलेला असतो, पण म्हणून सगळे कोलन विसर्ग करायला जाल तर 'वेळ:' आणि 'स्थळ:' चंही वाटोळं होईल, ते हातानेच करा.

अजून एक, शब्द सरळसाधा असूनही सापडत नसेल तर फाइंड व्हॉटच्या खाली बारीक अक्षरात काही लिहिलंय का ते बघा. मागे कधीतरी तुम्ही फक्त बोल्ड शब्द शोधले असतील तर ते तसंच राहतं आणि वर्ड अजून बोल्डच शोधत बसतं. मोअर दाबून नो फॉरमॅटिंग केलं की सुटलं.

एका आजोबांचा लेख कृतिदेव ह्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होता. त्यात दिसायला मराठी पण आत सगळी इंग्रजी अक्षरं, छोट्या डी वर क आणि मोठ्या डी वर अर्धा क्, त्यामुळे तिथे युनिकोडमध्ये, म्हणजे आपण हल्ली टाइप करतो त्या मराठीत, शोधून काही मिळत नाही, आणि त्यातच बदलायचं असेल तर मॅच केसवर, म्हणजे छोटं-मोठं इंग्रजी अक्षर वेगळं धर यावर, टिक पाहिजेच पाहिजे नाहीतर अर्धं आणि पूर्ण अक्षर एक होऊन जातं. मी तो लेख आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घेतला, बरं पडलं.

मोकळ्या जागांची सफाई पण ह्याच खिडकीत होते. दोन स्पेस शोधून एक घालायची, आणि शून्य म्हणेपर्यंत रिप्लेस ऑल दाबत राहायचं. पूर्णविरामाच्या आधी स्पेस द्यायची सवय फार जणांना आहे, तिथे स्पेस-टिंब शोधून नुसतं टिंब. रिकाम्या ओळी काढायच्या तर शिफ्ट धरून ६ दाबलं की येते ती टोपी, ^, तिच्यापुढे इंग्रजी छोटा पी, म्हणजे एक पॅराग्राफ संपला, असं दोनदा लिहून खाली एकदा लिहायचं. टोपीपुढे छोटा टी म्हणजे टॅब, छोटा एल म्हणजे शिफ्ट-एंटरने तोडलेली ओळ. पण कवितांची पानं यातून वगळा. मी नाही वगळली, चार कडव्यांची कविता सलग सोळा ओळींची झाली आणि कवयित्री म्हणजे माझी सख्खी मावशी.

वर्ड नसेल तर लिब्रेऑफिस रायटर फुकट आहे, तिथेही कंट्रोल एचच, फक्त टोपीवाले कोड तिथे चालत नाहीत, रेग्युलर एक्स्प्रेशन्सवर टिक करून वेगळी चिन्हं वापरावी लागतात. गूगल डॉक्समध्येही कंट्रोल एच, आणि मोबाइलवर वरच्या तीन टिंबांत फाइंड अँड रिप्लेस सापडेल, पण नव्वद पानं मोबाइलवर नका करू. जाहिराती फोटो म्हणून चिकटवलेल्या असतील तर त्यातलं काहीच बदलत नाही, दांडिया बाजारातल्या एका दुकानाची जाहिरात आमच्याकडे बरोडा म्हणूनच छापली गेली, असू दे, पैसे त्यांनी दिलेत.

आणि संपादकीयात शेवटच्या ओळीत 'आम्ही बडोदेकर' असं आहे. ते @@१ मध्ये लपलेलं होतं, परत आणलं आणि तसंच ठेवलं. मीटिंगमध्ये प्रूफ फिरलं, पण त्यावर कुणी काही बोललं नाही.