रीसेट दाबण्याआधी: गॅस बॉयलरवर नव्याने येणाऱ्यांसाठी

बडोद्यात बॉयलर हाउसमध्ये नव्याने लागलेली पोरं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना बॉयलर चालवायचा कसा ते विचारायचं असतं. मी त्यांना आधी तो थांबतो का आणि कसा ते दाखवतो. चालवणं आठवडाभरात जमतं. थांबणं समजायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत मी एक मोठी चूक केली. ती पुढे सांगतोच.

तरसालीच्या आयटीआयमधून मी एओसीपी केलं, म्हणजे केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर. तिथून अप्रेंटिस, मग सेकंड क्लासचं बॉयलर सर्टिफिकेट, मग फर्स्ट क्लास. आता मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, ताशी तीन टन वाफेच्या गॅस बॉयलरवर शिफ्ट बघतो. नेमप्लेटवर दर चौरस सेंटिमीटरला १०.५४ किलोचं प्रेशर आहे. पॅकेज बॉयलरवर हा आकडा तुम्हाला जागोजागी दिसेल. त्या प्रेशरला आतलं पाणी १८० अंशांच्या वर तापलेलं असतं, तरी ते पाणीच असतं. शेल, म्हणजे बाहेरचं कवच, फुटलं तर त्यातल्या बऱ्याच पाण्याची एका क्षणात वाफ होते, आणि मोकळ्या हवेत वाफेला पाण्याच्या साधारण सोळाशे पट जागा लागते. बॉयलर हाउसमधला प्रत्येक स्विच या एका गोष्टीसाठी किंवा भट्टीत साचलेल्या गॅससाठी बसवलेला आहे.

पहिल्या दिवशी काही करू नका. बर्नरजवळ उभे राहा आणि एक स्टार्ट कान देऊन ऐका. आधी ब्लोअर फिरतो, डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, पूर्ण उघडतो आणि बराच वेळ नुसती हवा वाहते. हे प्री-पर्ज. भट्टीत आणि ट्यूबमध्ये, म्हणजे पाण्यातून जाणाऱ्या गरम वायूच्या नळ्यांत, मागचा गॅस राहिला असेल तर तो चिमणीतून बाहेर काढायचा. घाईच्या वेळी हे अर्धं-पाऊण मिनिट फार लांब वाटतं. नैसर्गिक गॅस हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने पेट घेतो, आणि बंद भट्टीत तो पेट म्हणजे स्फोटच. मग डॅम्पर मिटत येतो, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, पायलटचा, म्हणजे आधी पेटणाऱ्या छोट्या ज्योतीचा, व्हॉल्व्ह ‘टक्’ करतो आणि काचेतून निळी ज्योत दिसते. ज्योत सेन्सरला दिसली तरच मेन व्हॉल्व्ह उघडतो. नाही दिसली तर काही सेकंदांत सगळं बंद आणि लाल दिवा. हाच लॉकआउट, रीसेटचं बटण दाबल्याशिवाय तो सुटत नाही. दहा-बारा वेळा ऐकलंत की पॅनल न बघता तुम्हाला कळेल गाडी कुठे अडली ते.

बर्नर क्रमाने चालू करणाऱ्या जुन्या प्रोग्रामरला छोटी काच असते आणि तिच्याखाली फिरणारी चकती. लॉकआउट झाला की चकती त्या जागी थांबते आणि खुणेवरून कळतं: हवेचं प्रेशर आलं नाही, ज्योत लागली नाही, की लागून गेली. नव्या कंट्रोलरवर कोड येतो. रीसेट दाबलं की चकती पुढे सरकते आणि खूण गेली. म्हणून आधी वाचा, वहीत लिहा, मग बटणाला हात लावा. माझ्या शिफ्टमध्ये हा नियम आहे.

गॅस ट्रेन, म्हणजे बर्नरपर्यंतची गॅसची पाइप आणि तिच्यावरचे व्हॉल्व्ह-स्विच, समजून घ्यायची तर हाताने शोधत जा, ड्रॉइंगवरून नको. हातव्हॉल्व्ह, फिल्टर, रेग्युलेटर, मग गॅसचं प्रेशर कमी पडलं तर तोडणारा स्विच, मग एकामागोमाग दोन शटऑफ व्हॉल्व्ह, आणि प्रेशर जास्त झालं तर तोडणारा स्विच. कमी प्रेशरला ज्योत टिकत नाही, जास्त प्रेशरला हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शटऑफ व्हॉल्व्ह दोन का, हे मुलं विचारतात. एकाच्या सीटवर कचरा बसून तो गळू लागला तरी दुसरा गॅस अडवतो. दोघांच्या मधल्या भागात गळती आहे का ते तपासणारी यंत्रणा बऱ्याच बर्नरना असते. हे व्हॉल्व्ह विजेने उघडतात आणि स्प्रिंगने मिटतात. लाइट गेली, वायर तुटली, कुठलाही स्विच पडला की गॅस बंद. बंद होण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, फक्त उघडण्यासाठी लागते. हे डोक्यात बसलं की पॅनलचं अर्धं वायरिंग आपोआप समजतं.

ज्योत बघणाऱ्या यूव्ही सेलची काच मऊ कापडाने पुसत जा. बर्नर चालू असताना सेल काढून हाताने झाकायचा: एका-दोन सेकंदांत गॅस तुटला पाहिजे. ही टेस्ट पहिल्यांदा सिनियरसमोरच करा. जुना झालेला सेल कधीकधी अंधारातही ‘ज्योत आहे’ म्हणतो, आणि तो दोष टेस्टशिवाय कळत नाही.

आता पाणी. गॅसची भीती सगळ्यांना वाटते, कारण वास येतो. पाणी मुकाट खाली जातं.

एका कारखान्यात मी रात्रपाळीला होतो. तिथल्या बॉयलरला दोन मोब्रे होते. मोब्रे म्हणजे बॉयलरच्या बाजूला लावलेलं जाड ओतीव भांडं. आत फ्लोट, पाण्याबरोबर वर-खाली होणारा, आणि त्याच्या टोकाचं चुंबक बाहेरचा स्विच हलवतं. पहिला मोब्रे बॉयलरला पाणी देणारा फीड पंप चालवायचा, दुसरा पाणी त्याहूनही खाली गेलं की बर्नर तोडायचा. टेस्ट दर शिफ्टला: भांड्याचा ड्रेन उघडायचा, फ्लोट पडला पाहिजे, बर्नर बंद झाला पाहिजे. पण बर्नर बंद झाला की पुन्हा पर्ज, पुन्हा पायलट. तेवढ्यात प्रेशर पडतं आणि प्लांटमधून फोन येतो. म्हणून मी ड्रेन जेमतेम उघडायचो, थोडं गढूळ पाणी जाऊ द्यायचो आणि लॉगबुकात ‘ओके’ लिहायचो. तीन आठवडे हेच केलं.

आमचे फोरमनकाका गुजराती. आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “पाणी जोयुं?” पाणी बघितलंस का? चहा, बोलणं सगळं त्यानंतर. त्या पहाटे त्यांनी पुढे विचारलं, “मोब्रे?” मी म्हटलं, “ओके, काका.” ते काही न बोलता दुसऱ्या मोब्रेपाशी गेले आणि ड्रेन पूर्ण उघडला. पाणी आणि वाफ सुसाट बाहेर आली. बर्नरच्या आवाजात काडीचाही फरक पडला नाही. तो जळतच राहिला.

काकांनी इमर्जन्सी स्टॉप दाबला. इलेक्ट्रिशियनला बोलावून पॅनल उघडलं, तर टर्मिनलच्या पट्टीवर दोन स्क्रूंच्या मध्ये बोटभर लांबीची लाल वायर. मोब्रे सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी, कधीतरी तो डायरेक्ट करून ठेवला होता, म्हणजे स्विच पडला तरी बर्नर चालूच राहील असा वायरने जोडला होता. ट्रिप होण्याचं कारणही निघालं: पाण्यातले क्षार काढणारा सॉफ्टनर नीट रीजनरेट होत नव्हता, भांड्यात गाळ बसून फ्लोट अडकत होता. गाळ काढायला अर्धा दिवस लागला. वायर लावायला दोन मिनिटं लागली असतील.

काका ओरडले नाहीत. त्यांनी लॉगबुक उघडलं आणि माझ्या एकेका ‘ओके’वरून बोट खाली नेत गेले. अठरा होते. त्या अठरा रात्रींपैकी एका रात्री फीड पंपाने हवा धरली असती, तर बर्नर उघड्या पडलेल्या ट्यूबवर जळत राहिला असता. खाली तीन माणसं झोपायची. मला त्या पहाटेनंतर कितीतरी दिवस नीट झोप लागली नाही, आणि ते बरंच झालं.

म्हणून जंपरबद्दल, म्हणजे अशा वायरीबद्दल, माझं मत पक्कं आहे. ट्रबल शोधताना मीटर लावा, स्विच उघडून बघा, सुटा करून तपासा, पण बर्नर जळताना सेफ्टीच्या साखळीतला एकही स्विच डायरेक्ट ठेवायचा नाही. वरिष्ठ म्हणाले तरी नाही. ‘लेखी द्या’ एवढं नम्रपणे म्हणा. माझ्यासमोर आजवर कुणी ते लेखी दिलेलं नाही.

तसंच रीसेटचं. ज्योत न लागता बर्नर लॉकआउट झाला आणि तुम्ही तीन-चार वेळा रीसेट मारत राहिलात, तर प्रत्येक प्रयत्नात थोडा गॅस भट्टीत जातो. पर्ज तो काढतो, पण डॅम्पर अडकलेला असेल तर? उशिरा पेटलेल्या बर्नरने मागच्या दाराची गॅस्केट उडालेली मी पाहिली आहे. एकदा रीसेट करा, कान देऊन ऐका. पुन्हा पडला तर हातव्हॉल्व्ह बंद करा आणि फोन करा.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्या बॉयलर हाउसमध्येही गुडघ्याच्या वर पाणी होतं. ओसरल्यावर वाळवून चालू करायची घाई सगळ्यांना होती. पाण्याखाली गेलेले गॅसचे व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच आम्ही वाळवले नाहीत, बदलले. वरून कोरडा दिसणारा व्हॉल्व्ह आतून गंजतो आणि महिन्याभराने अर्धवट मिटतो. पंख्यासमोर वाळवून तो परत बसवणारे लोक मला माहीत आहेत. तुम्ही ते करू नका.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. १९२३चा बॉयलर कायदा जाऊन २०२५मध्ये नवा आला, पण अनुभवाचा दाखला आणि तोंडी परीक्षा यांची तयारी तुम्हाला करावीच लागेल. अनुभवाचा दाखला नोकरी सोडतानाच घ्या, नंतर फार फेऱ्या माराव्या लागतात. तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: ग्लासात, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, पाणी दिसत नाही, काय कराल? घाबरलेला मुलगा म्हणतो, फीड पंप चालू करेन. तापलेल्या ट्यूबवर थंड पाणी सोडायचं नाही. आधी आग बंद, पंप बंद, आणि बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा. ग्लासाचे तिन्ही कॉक, वाफेचा, पाण्याचा आणि ड्रेनचा, कुठल्या क्रमाने उघडायचे-मिटायचे तेही विचारतात. ते पाठ करून जमत नाही. हाताला सवय लागली की उत्तर आपोआप तोंडात येतं.

शिफ्ट घेताना आधीच्या माणसाला जाऊ देण्यापूर्वी एवढं विचारा: आज किती वेळा ट्रिप झाला, कशावर झाला, आणि पॅनलमध्ये कुणी हात घातला का. मग त्याच्यासमोरच ग्लास ब्लोडाउन करा, म्हणजे त्याचा ड्रेन उघडून पाणी जाऊ द्या, दुसऱ्या मोब्रेचा ड्रेन पूर्ण उघडा आणि बर्नर बंद पडतो का ते ऐका. प्लांटचा फोन येईल. त्यांना सांगा, पाच मिनिटं लागतील.