खाली गाळे, मध्ये कार्यालये, वर घरे : आराखडा सेक्शनपासून सुरू करा

शहराच्या मध्यभागी जुनी इमारत पाडून दुकाने, कार्यालये आणि घरे एकावर एक बसवायची असतील, तर पहिला कागद तळमजल्याच्या नकाशाचा नको, सेक्शनचा, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणाऱ्या छेदाचा हवा. नकाशापासून सुरुवात केली की प्रत्येक मजला आपापल्या सोयीने आखला जातो आणि वरच्या घराचा खांब खालच्या गाळ्याच्या दारात उतरतो. खांब, जिने, लिफ्ट, पाइप, धुराचे डक्ट (हवा-धूर नेणारे मोठे नळ) हे सगळे गच्चीपासून तळघरापर्यंत उभे जाते. ते आधी पक्के करा. खोल्या त्यांच्याभोवती बसवता येतात.

खांबांचे अंतर पार्किंगवरून ठरवा, कारण तडजोडीला तिथेच सर्वांत कमी वाव असतो. एका गाडीला २.५ बाय ५ मीटर जागा धरली तर तीन गाड्यांसाठी दोन खांबांमध्ये ७.५ मीटर मोकळे हवेत. ६०० मिमीचा खांब मिळवला की मध्य ते मध्य ८.१ मीटर. हाच आकडा वरही चालतो. मधोमध भिंत घातली तर सव्वाचार मीटरच्या आतले दोन सारखे गाळे किंवा दोन खोल्या मिळतात, ४.८ आणि ३.३ असे विभागले तर दिवाणखाना आणि झोपण्याची खोली. जुन्या दुकानदारांना लहान गाळे परत द्यायचे असतात, तेव्हा हे विशेष सोयीचे पडते. पार्किंगमधला खांब गाड्यांच्या मार्गाला लागून ठेवू नका, मीटरभर आत घ्या. नाहीतर वळताना गाड्या घासतात.

वरचे-खालचे खांब जुळतच नसतील तर वरचे खांब ट्रान्सफर बीमवर, म्हणजे त्यांचे ओझे बाजूच्या खालच्या खांबांवर नेणाऱ्या आडव्या तुळईवर पेलावे लागतात. हा शेवटचा उपाय समजा. दहा-बारा मजल्यांचे ओझे घेणारा बीम सहज दीड-दोन मीटर खोल होतो आणि त्या मजल्याची उंची खातो. सळ्या इतक्या दाट येतात की काँक्रीट नीट पोचत नाही, पोकळ्या राहतात.

याहून मोठा धोका अनेकदा नजरेतून सुटतो. तळमजला उंच आणि मोकळा, वरचे मजले भिंतींनी घट्ट, अशी रचना भूकंपात फसते : सगळी हालचाल त्या एका मऊ मजल्यात एकवटते आणि खांब तिथेच मोडतात. म्हणून लिफ्ट-जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती पायापर्यंत अखंड न्या. गाळ्याला जागा हवी म्हणून त्यांत मोठी दारे पाडायची मागणी होईल. ती मान्य करू नका.

मजल्यांची उंची गाळ्यांना ४.५ मीटर, कार्यालयांना ३.६ ते ४, घरांना ३ मीटरच्या आसपास ठेवा. कार्यालयात बीमला ०.६ आणि एसीचे डक्ट व दिवे यांना ०.४ मीटर गेले की ३.६ पैकी २.६ उरतात, त्यामुळे याखाली जाऊ नका. मालाचा ट्रक आत येणार असेल तर ४.५ मीटर उंची बीमच्या तळापासून मोजा, स्लॅबपासून नव्हे.

आता सांडपाणी, जिथे अशा इमारती सर्वांत जास्त गळतात. घरांच्या शौचालयांचे उभे पाइप खालच्या मजल्यांतून सरळ उतरत नसतील तर घरांखाली वाकून फिरता येईल असा, १.८ ते २ मीटर उंचीचा सर्व्हिस मजला द्या. १:८० उताराने १६ मीटर नेलेला पाइप २०० मिमी खाली येतो. हा उतार बीम टाळून मिळतो का, ते सेक्शनवर तपासा. उभ्या पाइपच्या तळाशी एक काटकोनी बेंड न लावता ४५ अंशांचे दोन लावा. सर्वांत खालच्या घराची जोडणी त्या वळणाजवळ करू नका, तिची लाइन वेगळी न्या. वरून पाणी आदळले की तिथे दाब वाढतो आणि शौचालयातून पाणी उसळते. सफाईचे तोंड गाळ्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये कधीच नको. पाइप तुंबतो रात्री आणि गाळ्याला असते कुलूप.

आज एकही उपाहारगृह ठरलेले नसले तरी स्वयंपाकघराच्या धुराचा शाफ्ट (डक्टसाठी सगळ्या मजल्यांतून जाणारी उभी पोकळी) आत्ताच सोडा, कारण स्लॅब पडल्यावर तो काढणे जवळजवळ अशक्य. ६०० बाय ६०० मिमीच्या डक्टमधून ८ मीटर प्रति सेकंद वेगाने तासाला सुमारे १०,००० घनमीटर हवा जाते; मध्यम स्वयंपाकघराला एवढी धरून चला. डक्टमध्ये तेलकट थर साचतो आणि पेटतो. म्हणून शाफ्ट स्वतंत्र आणि अग्निरोधक भिंतींचा हवा, शौचालयांच्या हवेसाठी असलेला वापरू नका. सफाईची दारे सामाईक पॅसेजमधून द्या. तोंड गच्चीच्या वर, खिडक्यांपासून दूर.

घरांचा जिना थेट बाहेर उघडू द्या, दुकानांच्या पॅसेजमध्ये नको. तळघराचा जिना तळमजल्यावर तोडा, सलग वर नेऊ नका. तळघरातला धूर त्याच वाटेने घरांपर्यंत चढतो. वेगवेगळ्या वापरांमधल्या भिंती आणि स्लॅब निदान दोन तास आग अडवणारे ठेवा, स्थानिक नियम जास्त मागत असतील तर तेवढे. पाइपभोवतीची भोकेही अग्निरोधक मालाने बुजवा.

व्यायामशाळा झोपण्याच्या खोल्यांवर नको आणि लगतच्या खालच्या मजल्यावरही नको. वजन आपटल्याचा हादरा स्लॅब आणि खांबांतून वर-खाली दोन्हीकडे जातो आणि छताला फोम लावून तो थांबत नाही.

जुन्या वस्तीत तळघर खोदण्याआधी शेजारच्या भिंतींच्या भेगा फोटो आणि मापांसह नोंदवा, त्यांवर खुणा लावा. खड्ड्यातले पाणी बेफाम उपसू नका : भूजल खाली गेले की माती बसते आणि शेजारच्या उथळ पायाच्या इमारती कलू लागतात. कडेने पाणी अडवणारी सलग पाइल भिंत (जमिनीत खोल उतरवलेल्या, एकमेकांना भिडलेल्या खांबांची) आधी घाला, मग खोदा. काम चालू असताना खुणा दर आठवड्याला मोजा. भेग रुंदावताना दिसली तर उपसा थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा.